शेतीच्या कार्डांचा रिकामा खण

"अहो ग्रंथपाल, शेतीचा खण रिकामा! कार्डं गेली कुठं?" प्रिन्सिपॉलसाहेब असे कडाडले की तिकडे खोपोलीच्या कारखान्यात पाळी सुटल्याचा भोंगा वाजला असं लोकांना वाटलं असणार.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. कर्जतजवळच्या एका कॉलेजात मी ग्रंथपाल होतो. पहिल्या वर्षाला शनिवारी एक लायब्ररी तास असे. हवं ते पुस्तक स्वतः कसं शोधायचं, हे मी शिकवायचो. साधन एकच, कार्ड कॅटलॉग. लाकडी कपाटाला छोटे खण, खणांत विषयवार कार्डं, कार्डावर पुस्तकाचं नाव आणि नंबर. नंबर लिहून घ्यायचा, कार्ड जागेवरच ठेवायचं, त्या नंबराचं पुस्तक रॅकमधून काढायचं. हे मी इतकं रंगवून सांगे की चाळीसपैकी अडतीस पोरं झोपत आणि उरलेली दोन घोरत.

साहेबांनी बजावलं होतं: या शनिवारी बघायला येतो. पोरं काही शोधताना दिसली नाहीत तर तास बंद, खोली कवायतीच्या सामानाला.

त्या शनिवारी मी तोंड उघडणार तोच दामू म्हणाला, "सर, आमच्या भाताच्या लोंब्या पांढऱ्या पडल्यात. आत दाणाच नाय."

"आमच्यात पण हाय," दहिवलीची सुलोचना म्हणाली. "बाबा म्हणतात नजर लागली."

पुस्तकाचा नंबर मला पाठ होता. पण तो मी गिळला. म्हटलं, उत्तर याच खोलीत आहे, शोधा. आणि सरळ पाणी प्यायला निघून गेलो. परतलो ते साहेबांच्या ओरडण्यावरच.

आत पाहतो तर माझ्या टेबलासमोर रांग, आणि प्रत्येकाच्या हातात उपटलेलं कार्ड.

"दामू, कार्ड कशाला काढलंस रं?"

"रेशनला कार्ड दिल्याबिगर माल मिळतो का, सर?"

कार्डं खणात सळईत ओवलेली असतात. ती सळई आदल्या दिवशी नवी कार्डं घालायला मीच काढून ठेवली होती. पण हे तिथल्या तिथे कबूल करण्याइतका प्रामाणिक मी नव्हतो.

"सापडलं का काही?" साहेबांनी दरडावलं.

सुलोचना पुस्तक घेऊनच पुढे आली. ‘भात’ या विषयात तिला काही मिळालं नव्हतं, म्हणून तिने ‘कीड’ पाहिलं होतं. "खोडकिडा हाय, सर. कापणी झाली की धसकटात लपतो. धसकटं उपटून जाळली की पुढल्या साली कमी होतो. नजरबिजर काय नाय."

साहेबांची स्वतःची भातशेती खालापूरला. त्यांनी पुस्तक तिच्या हातातून घेतलं आणि उभ्या उभ्या वाचू लागले.

कार्डं परत लावायला मला तीन आठवडे लागले. छाती जी फुगली ती मात्र अजून उतरलेली नाही. पोरांना शोधायला शिकवायचं तर मास्तराला उत्तर पोटात ठेवता आलं पाहिजे, एवढं मी त्या दिवशी शिकलो.

पोरं गेल्यावर मी हळूच विचारलं, "साहेब, मग तासाचं काय?"

त्यांनी पान उलटलं. "कवायतीचं सामान जिन्याखाली मावेल."