तळहातावरच्या जीपचं इंजिन

आमच्या घरात एकच चारचाकी आहे आणि ती माझ्या तळहातावर मावते.

ती जीप मी जत्रेत घेतली, कारण तिचं बॉनेट उघडतं. मी जालन्याला मेकॅनिकलच्या डिप्लोमाला आहे. (आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे मी तिथे नेमकं काय करतो हे घरच्यांना नीट विचारता येत नाही आणि मला नीट सांगता येत नाही.) गेल्या वर्षी कॉलेजच्या प्रदर्शनात मी ही जीप छान रंगवून नेली होती. वर्कशॉपच्या सरांनी नखाने बॉनेट उघडलं, आत डोकावले आणि म्हणाले, "झाकण चांगलंय. आत काहीच नाही."

ते जीपकडे बघून बोलले की माझ्याकडे, हे मला कळलं नाही. वर्गाला कळलं. वर्षभर सगळे मला 'झाकण' म्हणत होते.

म्हणून या वर्षी काहीही झालं तरी आत इंजिन बसवायचंच, असं मी ठरवलं.

जीपच्या बॉनेटखाली जागा होती बोटाच्या नखाएवढी. पेन्सिलीचा तुकडा तासून इंजिनाचा ठोकळा केला. गोळ्यांच्या पाकिटाच्या चकचकीत कागदाची बॅटरी केली. आईच्या शिवणाचा काळा दोरा कडक करून रेडिएटरचे पाइप झाले. वायरिंगसाठी केसासारखी तार हवी होती, ती इअरफोनमध्ये मिळाली. इअरफोन माझ्या धाकट्या बहिणीचे, पल्लवीचे होते.

"दादा, माझ्या एका कानात गाणं न्हाई येऊन राह्यलं."

"दुसऱ्या कानात येतंय ना? मंग ऐक की."

तिचा भुवया कोरायचा चिमटाही माझ्याकडेच होता, पण ते तिला अजून कळायचं होतं.

राहिल्या स्पार्क प्लगच्या टोप्या. इतकी गोल, इतकी बारीक वस्तू घरात एकच होती. आईच्या मिसळणाच्या डब्यातून मी मोहरी घेतली आणि चार दाणे ओळीने चिकटवायला बसलो. आधी झटपट चिकटणारा गम वापरला. त्याने मोहरी सोडून सगळं चिकटलं: अंगठा तर्जनीला, तर्जनी चिमट्याला. तशा हाताने मी जेवायला बसलो, तेव्हा पल्लवीला चिमटा सापडला. शेवटी साधा पांढरा डिंक घेतला, वरून पाण्यातला काळा रंग दिला, आणि शनिवारी दुपारी इंजिन पुरं झालं. सोमवारी प्रदर्शन होतं. इथपर्यंत सगळं माझ्या हातात होतं.

मग मी ते अण्णांना दाखवलं.

आमच्या अण्णांचं, म्हणजे वडिलांचं, राजूरच्या गणपतीजवळ नारळ-हाराचं दुकान आहे आणि घर दुकानाच्या मागेच. कुठून कुठून लोक नवी गाडी घेऊन गणपतीला येतात. गाडी थांबली की अण्णा हार बांधतात, चाकांखाली लिंबं ठेवतात, नारळ देतात. ट्रॅक्टर असो, मोटारसायकल असो, अण्णांच्या हातून विनापूजेची गाडी पुढे गेलेली नाही.

त्यांनी चष्मा पुसून बॉनेटमध्ये पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"हे समदं तू बसवलं?"

"हो."

"इंजिन हाय म्हण की."

"हाय."

"मंग पूजा कधी करायची?"

"अण्णा, ही खेळण्यातली गाडी हाय."

"गेल्या साली खेळण्यातली होती. आता इंजिन हाय. बिगर पूजेची नेली होती न्हाई का, काय झालं मंग?"

सर जे बोलले ते मी घरी सांगितलं नव्हतं, पण त्या दिवशीचा माझा चेहरा अण्णांनी पाहिला होता. इंजिनाचा मेकॅनिकल भाग मला समजावता आला असता. हा भाग अभ्यासक्रमात नव्हता.

दुकानाच्या फळीवर जीप उभी राहिली. अण्णांनी झेंडूची एक पाकळी सोडवून पुढे लावली. तेवढ्यानेच गाडी झाकली गेली. मग चाकाखाली लिंबू ठेवायला घेतलं, तर लिंबू टपाला लागलं. अण्णांनी टोपलीतलं सगळ्यात लहान लिंबू शोधलं. तेही बॉनेटएवढं भरलं.

"शेजारून मूठभर हरभरे आण गं," त्यांनी पल्लवीला सांगितलं.

चार चाकांखाली चार हरभरे आले. अण्णांनी गंभीरपणे मागून बोट लावलं. हरभरे काही फुटले नाहीत. जीप त्यांच्यावरून घरंगळत थेट फळीच्या टोकाला गेली आणि आईने ती पदरात झेलली. हार घ्यायला थांबलेल्या एका गिऱ्हाईकाने विचारलं, "ॲव्हरेज किती देते?"

"अण्णा, बास झालं आता," मी म्हणालो.

"नारळ ऱ्हायला ना."

"बॉनेट तरी बंद करू द्या."

"बंद कशाला? देवाला इंजिन दिसाय नको?"

नारळ फुटला. अण्णा एरवी ट्रकवर जेवढं पाणी शिंपडतात, तेवढंच त्यांनी शिंपडलं. त्यांचा अंदाज ट्रकचाच होता.

जीप रेडिएटरपासून डिकीपर्यंत भरली. मी फुंकर मारायला तोंड पुढे केलं, तोवर आईने ती उचलून हाताशी होतं त्या फडक्यात गच्च बांधली.

"चुलीजवळच्या फळीवर ठेवते. उबंला सुकंल."

"मी जरा उघडून बघतो."

"सारखं सारखं उघडायचं न्हाई." हे वाक्य ती एरवीही कुठल्या तरी गाठोड्याला उद्देशून म्हणते, असं मला पुसटसं वाटलं.

अण्णा म्हणाले, "पूजेची गाडी हाय. गाठ आता कॉलेजातच सोड."

सोमवारी एसटीत मी ते गाठोडं मांडीवर धरून बसलो होतो. प्रदर्शनात टेबल शेवटचं मिळालं. गाठ सोडतोय, तोच सर समोर. मागे सगळा वर्ग.

"काय झाकण, या वर्षी काही आहे का आत?"

"आहे, सर," मी म्हणालो. एवढ्या ठामपणे मी कॉलेजात पहिल्यांदाच बोललो होतो.

सरांनी बॉनेट उघडलं. भिंग मागवलं. माझी छाती फुगली. मग मीही वाकलो.

काळा रंग धुऊन गेला होता आणि चारही स्पार्क प्लगना मोड आले होते. एकाने तर दोन इवलीशी पानं बॉनेटबाहेर काढली होती. आता मला आठवलं: ते फडकं आईचं मटकी बांधायचं होतं, आणि ओलं होतं.

वर्ग इतका हसला की शेजारच्या टेबलावरचा पूल पडला. सर मात्र हसले नाहीत. त्यांनी भिंग सरकवत पाइप पाहिले, बॅटरी पाहिली, तारेचं टोक कुठून कुठे जातं ते पाहिलं.

"वायरिंग बरोबर आहे. तू केलंस?"

"हो सर."

"पुढच्या वर्षी टोप्या टाचणीच्या कर." आणि पुढे जाताना म्हणाले, "आणि पाणी कमी घाल."

घरी अण्णांनी दारातच गाठलं. "आत काही दिसलं का सरांना?"

"दिसलं. उगवलेलं."

"बघ! म्हणलो न्हवतो?"

आईने ते मोड तुळशीशेजारी लावले. जीपवर माझं काम पुन्हा सुरू आहे, या वेळी टाचण्यांनी. कॉलेजातलं माझं नावही बदललंय. आता मला 'झाकण' कुणी म्हणत नाही, 'शेतकरी' म्हणतात. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि इंजिन पेरून दाखवणारा तर बहुतेक कॉलेजातलाही पहिलाच.