आईच्या हातचा शेवटचा डबा

दादा, मी नोकरीसाठी देवगडहून निघाले तेव्हा तू मस्कतला होतास. एसटी सुटायच्या आधी बाबांनी माझ्या सीटखाली एक खोका सरकवला. आमरसाचे सहा डबे. रस आईने काढलेला, झाकणं कारखान्यात बसवलेली. त्याच कारखान्यात बाबांनी जन्मभर बोटाने वाजवून, आवाजावरून चांगले-खराब डबे पारखले. खिडकीशी येऊन म्हणाले, "ओलीक ठेवू नको. आणि फुगलो तर उघडू नको गो, आत वीख आसता."

घणसोली गावात माझी खोली तळमजल्यावर. पाच डबे वर्षभरात संपले. मग आई अचानक गेली आणि सहावा उघडायला हात धजेना. तो कपाटामागे ठेवला. तिथे भिंतीला कायम ओल, वर खाडीची खारी हवा. आधी कडेला तांबूस ठिपके आले, मग पत्र्याच्या शिवणीवर गंजाचे पापुद्रे, आणि एक दिवस सपाट झाकणाला पोट आलेलं दिसलं. फेकायला हवा होता. मी त्यावर फडकं टाकलं.

गेल्या वर्षी बाबांना इथे आणलं. त्यांना विसरायला होत होतं. एका दुपारी मी ड्यूटीवरून लवकर आले, तर खोलीभर आंबूस वास. भिंतीवर, त्यांच्या शर्टावर पिवळे शिंतोडे. बाबा फरशीवर बसलेले, हातात चमचा.

"बाबा, फुगलेला होता तो!"

"ह्येच्यात तुज्या आयशीचो हात आसा," ते शांतपणे म्हणाले आणि चमचा तोंडाकडे नेला.

मी त्यांच्या हातावर फटका मारला. आयुष्यात पहिल्यांदा.

"किती खाल्लंत?"

त्यांनी चमच्याकडे पाहिलं. "आठवत नाय."

वाशीच्या हॉस्पिटलमध्ये तीन दिवस, असलं विष नजरेवर आणि घशावर उतरतं म्हणून, नर्स पुन्हा पुन्हा विचारायची, आजोबा, दोन-दोन दिसतंय का, गिळता येतंय का. काही झालं नाही. तू फोनवर म्हणालास, सुटलो, आता टेन्शन नको.

तुला एक सांगितलं नाही. शेजारच्या वहिनींनी त्या दुपारी भिंतीपलीकडून टकटक ऐकली होती. बराच वेळ. म्हणजे बाबांनी डबा आधी वाजवून बघितला होता. मी त्यांना त्याबद्दल विचारलेलं नाही. विचारणारही नाही.

गावचं घर बंद आहे. घरी कधी जायचं, असं तू विचारतोस. मला आता घर म्हणजे एवढंच कळतं: संध्याकाळी उंबऱ्याशी चपला काढते, आणि आतून बाबांचं "इलंस गो?" ऐकू येईपर्यंत दाराला हात लावत नाही.