दादाने फोडलेली सुपारी

माझ्या थोरल्या भावाबद्दल कुणी चांगलं बोललं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. आणि चांगलं तर सगळेच बोलतात. तुमचा दादा म्हणजे राजा माणूस, म्हणतात. असेल. राजाच्या घरात राहून बघा म्हणावं.

चाकणच्या अलीकडे आमचं गाव. वडील लवकर गेले, घरात आई, दादा आणि मी. दादा बाजाराला बैल विकायला गेला की बैल तसाच परत यायचा, वर दोन अनोळखी माणसं जेवायला. तासाभरापूर्वी ओळख झालेली, पण हा त्यांचा सख्खा भाऊ झालेला. डोक्यात सारखं काहीतरी शिजत असायचं. विहिरीवर इंजिन बसवू, इंजिनावर पिठाची गिरणी, गिरणीशेजारी चहाचं हॉटेल. बोलता बोलता हा गिरणीच्या दारात उभा, आणि इकडे आमच्या मोटेला धड नाडा नाही. बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात, आई म्हणायची, आणि त्या पाहुण्यांसाठी परत चूल पेटवायची.

त्या वर्षी मी सातवीला होते. फायनल म्हणायचे तिला. फायनल पास झालेली पोरगी शाळेत मास्तरीण होऊ शकते, हे माझ्या डोक्यात भरवलं कुणी? यानंच. सायकलवर बसवून शाळेत सोडायचा आणि वाटेत भेटेल त्याला सांगायचा, ही आमची बाई. माझ्याबरोबरच्या पोरी चौथीनंतर शेणाला लागल्या, मी मात्र शिकत राहिले. मला आयुष्यात दुसरं काही नको होतं.

आणि परीक्षा तोंडावर आलेली असताना हा शहाणा चाकणच्या बाजारातून माझं लग्न ठरवून आला!

बाजारात तळवड्याकडचे एक गृहस्थ भेटले म्हणे. त्यांचा मुलगा पिंपरीला नव्या औषधाच्या कारखान्यात लागणार होता. लागला नव्हता हं, लागणार होता. चहा झाला, पान झालं. तिथल्या तिथे दादाला कारखान्याच्या वसाहतीतलं घर दिसलं, घरात विजेचा दिवा दिसला, दिव्याखाली मी दिसले, आणि याने चार माणसांदेखत सुपारी फोडली. बैठक नाही, मुलगी दाखवणं नाही, आईला शब्दाने विचारणं नाही. आमच्याकडे फोडलेली सुपारी म्हणजे दिलेला शब्द. तो मोडणाऱ्या घराशी पुन्हा कोणी सोयरीक करत नाही. लग्न परीक्षेच्या आधीच उरकायचं होतं, आणि ते घर काही सुनेला शाळेत धाडणारं नव्हतं.

मी आकाशपाताळ एक केलं. रडले, भांडले, ताट सरकवून दिलं. तो नुसता गोंधळला. "अगं, पण विजेचा दिवा हाय तिथं," म्हणाला. शाळेचं काय, असं विचारलं तेव्हा कळलं, त्याला ती खरंच आठवलीच नव्हती.

लबाड असता तर परवडलं असतं हो. लबाडाला निदान ठाऊक असतं, आपण काय करतोय ते. याचं तसं नव्हतं. समोर जो बसलाय त्याच्यावर हा जीव ओवाळून टाकायचा, आणि जो समोर नाही तो याच्यापुरता जगातच नसायचा. आपण विचार करून बोलतो, हा बोलत बोलत विचार करायचा, आणि एकदा तोंडातून निघालं की त्याच्या लेखी ते घडूनही गेलेलं असायचं. अशा माणसापुढे रडून काय उपयोग? त्याला डोळ्यांपुढे काहीतरी दिसावं लागतं.

मग मी दाखवलं. तो गोठ्यात वैरण टाकत होता. मी म्हटलं, दादा, शाळा तपासायला साहेब आलेत, मी फळ्यापाशी उभी आहे, पोरं घडाघडा कविता म्हणतायत, आणि साहेब विचारतायत, या बाईंना शिकवलं कुणी? वैरण त्याच्या हातातच राहिली. म्हणाला, मी दारात उभा असंन, फेटा बांधून. सकाळी उठून सायकल काढून तळवड्याला गेला.

परत आला तो हसतच. सुपारी मोडली, आणि आपण नाही, त्यांनीच मोडली, आपला शब्द शाबूत. मी विचारलं, त्यांना सांगितलंस काय?

"सांगितलं, पोरीला फिटं येत्यात."

नुसतं सांगितलं नव्हतं. त्यांच्या पडवीत आडवं होऊन, डोळे फिरवून, हातपाय झाडून दाखवलं होतं. त्या घरच्या बाईने कांदा फोडून याच्या नाकाला लावला. ते सांगताना याचेच डोळे भरून आले. आईने कपाळावर हात मारून घेतला.

मी परीक्षा दिली, पास झाले, शेजारच्या गावात शाळाही मिळाली. पहिल्याच दिवशी एक बाई आली आणि आपल्या मुलाचा हात धरून मला म्हणाली, "बाई, राग मानू नका. तुमाला फिटं येत्यात म्हणं. पोरं लहान हायती, भ्यायची." दुपारपर्यंत वर्ग निम्मा झाला. थोरल्या मास्तरांनी मला तूर्त घरी बसायला सांगितलं. ती शाळा मला परत मिळाली नाही. पुढे भीमेपलीकडे, जिथे दादाला कोणी ओळखत नव्हतं, तिथे मी नोकरी केली. एकटीने, शेवटपर्यंत. माझ्यासाठी आमच्या घरी सोयरीक घेऊन कधी कोणी आलं नाही.

पण शाळेतून परत पाठवलं त्या दिवशी घरी येऊन मी त्याला रागारागाने सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्याचं तोंड एवढंसं झालं. खाली बसला, रडलासुद्धा. आणि मग हळूहळू त्याची मान वर आली. म्हणाला, सोपं हाय, आपण सांगू, आळंदीला नेली, समाधीपुढं घातली अन् खडखडीत बरी झाली. पायात वहाणा घालून तो निघालाही होता.

मी दाराला आडवी झाले. म्हटलं, "माझ्याबद्दल तू जन्मात कुणाशी एक शब्द बोलायचा नाहीस."

"मग तुझं चांगलं कसं व्हायाचं?" तो म्हणाला.

आणि हे तो अगदी मनापासून विचारत होता.