एकभांडी

धाकटीला दोघांनी धरून जीपमध्ये बसवलं, तेव्हा तिला एका दमात वाक्य पुरं करता येत नव्हतं. ओठ काळेनिळे पडले होते. तिचा नवरा, म्हणजे माझे दीर, जीपच्या दाराला हात लावून उभे होते. मला वाटलं, धीराचं काही बोलतील. ते म्हणाले, "अगं, पन आमच्या जेवनाचं काय?"

तिने श्वास घेतला, थांबली, पुन्हा घेतला. "पातेल्यात हाय," ती म्हणाली. "झाकन काढा आन् खा."

जीप नगरच्या रस्त्याला लागली. मी आत येऊन झाकण काढलं. हुलग्याचे शेंगोळे होते. अजून वाफ निघत होती.

धाकटी म्हणजे माझी जाऊ. जामखेडकडच्या कोरड्या गावातली. तिच्या माहेरी हुलगे, म्हणजे कुळीथ, पिकायचे, म्हणून हुलगेच खायचे. आमच्या घरी आली ती गोठ्यातच उतरली म्हणायला हरकत नाही. पहाटे गाई, दिवसभर कांद्याचं रान, संध्याकाळी परत गाई. मधल्या वेळात स्वयंपाक. सासूबाईंना ताटात भाजी, आमटी, कोशिंबीर, चटणी वेगवेगळी लागायची. धाकटी एका पातेल्यात शेंगोळे नाहीतर वरणफळं करायची आणि पातेलंच मधे आणून ठेवायची. पहिल्याच वर्षी सासूबाईंनी तिचं नाव एकभांडी ठेवलं. पुढे सगळं घर त्याच नावाने बोलवायला लागलं. आळशी म्हणायची सभ्य पद्धत होती ती.

पहाटेपासून अंधार पडेपर्यंत पाठ न टेकणाऱ्या बाईला आळशी म्हणणारे लोक मी डोळ्यांनी पाहिलेत. ते बहुतेक ओट्यावर बसलेले असत.

एकदा सासूबाई म्हणाल्या, "चार भांडी मांडायला काय हात झडत्यात का तुजं?" धाकटी पातेलं घासत होती. मान वर न करता म्हणाली, "भांडी चार झाली तरी घासनारी एकच ऱ्हाती, आत्याबाई." मला हसू आलं, तर दोघींनी माझ्याकडे रागाने पाहिलं.

तिच्या शेंगोळ्यांना फार काही लागत नसे. हुलग्याचं पीठ, लसूण, तिखट, मीठ, तेल. पीठ घट्ट मळायचं, तेलाच्या हाताने लांब बारीक वळायचं, लसणाची फोडणी देऊन पाण्याला उकळी आली की सोडून द्यायचं. "उकळी येईस्तवर माजी एक गाय पिळून हुती," असं ती म्हणायची, आणि खरंच होत असे. याहून जास्त जिन्नस लागले की तिच्या हिशेबी तो सण. "सन वरसातनं चार बरं. रोज कोन करील?"

वळायला वेळ लागतो खरा, पण त्याची तिने तजवीज केली होती. रिकाम्या हाताने कुणी दिसलं की ती पिठाचा गोळा त्याच्या हातात द्यायची. शेजारीण मीठ मागायला आली, तिला गोळा. गाईला इंजेक्शन द्यायला आलेले जनावरांचे डॉक्टर चहाची वाट बघत बसले होते, त्यांनाही हात धुवायला लावून गोळा दिला. थोड्या वेळाने म्हणते कशी, "डागदर, गाईचं दावं नका वळू, शेंगोळं वळा." डॉक्टर हसत हसत बारीक वळायला लागले. आमच्या घरातल्या पुरुषांना मात्र तिने कधी गोळा दिला नाही. दिला असता तर घेतला नसता, हे तिला ठाऊक होतं.

कांदे काढायच्या दिवसांत आमच्या नणंदेचे सासूसासरे न सांगता आले. घरात कुणालाही उभं राहायला सवड नव्हती. सासूबाईंनी पुरण शिजवायला सांगितलं. धाकटी म्हणाली, "पुरन शिजंस्तवर पाव्हनं उपाशी ठेवायचं व्हय?" आणि तिने शेंगोळे वाढले. व्याहीबुवांनी दोनदा मागून घेतले, वर रस्सा प्यायले. ते गेल्यावर सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलं. "बैलाचं खानं व्याह्यांपुढं वाढलं." बरेच दिवस धाकटीशी बोलल्या नाहीत. धाकटी मला म्हणाली, "बरं झालं बाई. तेवढीच शांतता."

पुढे सासूबाई गेल्या. नाव राहिलं. धाकटीचा मुलगा नगरला सावेडीत फ्लॅटमध्ये राहायला गेला, तिथेच नोकरी, सूनही नोकरीवाली. एकदा भाऊजी, धाकटी आणि मी त्यांच्याकडे गेलो. सून संध्याकाळी दमून आली, कुकरमध्ये डाळ, तांदूळ, हातात आली ती भाजी, असं सगळं एकदम घालून शिट्ट्या केल्या आणि कुकरच टेबलावर आणून ठेवला. भाऊजी जेवले आणि म्हणाले, "काय युक्ती हाय सूनबाई. एका भांड्यात सगळं. वेळ वाचतो, भांडी वाचत्यात. शिकलेल्या मानसाचं डोकंच येगळं."

ज्या कामापायी बायकोला जन्मभर नावं ठेवली, त्याच कामाचं सुनेपुढे कौतुक. मी बोलणार, तेवढ्यात धाकटीने टेबलाखाली माझा गुडघा दाबला. नंतर गॅलरीत म्हणाली, "गप ऱ्हावा बाई. पोरगी लवकर पाठ टेकती, ते बगा की." तिला राग येत नसे. तिच्या वाटणीचा मला येतो, आणि अजून येतो.

कोरोनाच्या दुसऱ्या उन्हाळ्यात मुलगा, सून आणि दोन नातवंडं गावाकडे आली. आधी मुलाला ताप आला, मग सुनेला, मग पोरांना, भाऊजींना आणि मला. जो तो आपापल्या कोपऱ्यात पडला. धाकटी तेवढी उभी होती. गाई पिळायची, दूध घालून यायची, आणि पातेलं घेऊन एकेका दारात यायची. वाटी पुढे करायची, पळीने वाढायची. पोरांना पातळ, आम्हाला दाट. भाऊजी अंथरुणातून म्हणायचे, "मीठ घातलंय का न्हाई? चव न्हाई कशाला." सगळ्यांच्याच तोंडाची चव गेली होती, पण बोल तिला.

ती कधी जेवायची, कुणी विचारलं नाही. पातेल्याच्या बुडाला लागलेलं खरवडून उभ्याने खाताना मी तिला पाहिलं.

माझी चव आधी परत आली. त्या दिवशी शेंगोळ्यांचा पहिला घास घेतला आणि कडू लागला. लसूण जळाला होता. धाकटीच्या हातून लसूण कधी जळत नसे. वास बदलला की ती गोठ्यातूनही पळत यायची. मी उठून भिंत धरत स्वयंपाकघरात गेले. ती पाटावर बसून धापा टाकत होती. कपाळ तव्यासारखं तापलेलं.

"तुला वास येत न्हाई का गं?" मी विचारलं.

"कालधरनं न्हाई," ती म्हणाली. "बोलू नका कुटं. उद्या करायचं कुनी?"

मी तिथूनच ओरडले. भाऊजींना सांगितलं, बायको तापलीय, दवाखान्यात न्या. ते म्हणाले, "आत्ता तर वाढून गेली की. खोकला असंल." मुलगा म्हणाला, "सकाळी बघू, मोठी आई." आमच्याकडे असा नियमच आहे. जी बाई उभी आहे ती आजारी नाही. आडवी झाली तरच आजारी, आणि आडवं व्हायला तिला कुणी जागा दिली नव्हती.

सकाळपर्यंत तिचे ओठ काळे पडले. तरी जीप येईपर्यंत तिने पातेलं चढवलं होतं.

ती परत आली नाही. नगरलाच सगळं उरकलं.

वर्षश्राद्धाला भाऊजींनी तिचा फोटो मोठा करून आणला. खाली सोनेरी अक्षरांत 'अन्नपूर्णा' लिहून घेतलं होतं. आचारी बोलावला होता, पाच पक्वान्नं होती. लोक फोटोला हात जोडून आत जेवायला जात होते. भाऊजी डोळे पुसत म्हणाले, "साक्षात अन्नपूर्णा हुती."

मी म्हटलं, "भाऊजी, जिती हुती तवर एकभांडी हुती. मेल्यावर अन्नपूर्णा कधीपासनं?"

मांडवातले लोक बघायला लागले. सून म्हणाली, "मोठी आई, आज नको." मी म्हटलं, "मग कधी?" आणि उठून माझ्या खोलीत गेले. पाच पक्वान्नांतलं एक तोंडात घातलं नाही.

त्या उन्हाळ्यात आमच्या घरात सगळे तापले. भाऊजी जगले. मुलगा जगला, सून जगली, दोन्ही नातवंडं जगली. मी जगले. रांधणारी गेली.