चाकणला गोल्फ, भोसरीत वाइन

पहाटे चारला नाशिक सोडलं तेव्हा मागच्या सीटवर गोल्फची पिशवी होती आणि शेजारी टॉवेलात गुंडाळलेली रेड वाइनची बाटली. आमच्याकडच्याच एका छोट्या वायनरीतली, सात वर्षं जपलेली. मुलीच्या होणाऱ्या सासऱ्यांनी, तानाजीरावांनी, रविवारी सकाळी गोल्फला आणि दुपारी जेवायला बोलावलं होतं. फोनवर म्हणाले होते, "पाव्हणं, मटण आमचं, वाइन तुमची." नाशिकच्या माणसाला आणखी काय हवं?

मुलगी, सायली, नोकरीमुळे थेरगावला राहते. तिनं आदल्या दिवशीच बजावलं होतं, "बाबा, हात जोडते. कुणाला काही शिकवायचं नाही." वाइन म्हटली की माझ्यातला मास्तर जागा होतो, हे खरंच आहे. मागच्या भेटीत ग्लास कसा धरावा यावर मी तिच्या रोहनला पाऊण तास पिडलं होतं. तानाजीराव घड्याळ बघून उठून गेले आणि लग्नाची तारीख ठरायची ती राहूनच गेली. ही दुसरी संधी होती. तिसरी मिळेल असं मलाही वाटत नव्हतं.

नारायणगावला चहा घेतला, राजगुरुनगर मागे टाकलं आणि चाकणच्या चौकात अडकलो. नव्या कोऱ्या मोटारी लादलेला एक ट्रेलर आडवा झाला होता. एवढ्या गाड्या बनवणाऱ्या गावात माझी एक गाडी काही पुढे सरकेना.

मैदानावर पोचलो तेव्हा तानाजीराव पांढरी टोपी घालून तयार होते. मूळचे चिखलीचे, पासष्टी ओलांडलेले. काठी अशी धरतात की गुरुजींनी कपाळाला हात लावावा, आणि चेंडू मात्र नाकासमोर जातो. म्हणाले, "आमी कंपनीतल्या जपानी सायबांसंगं खेळून शिकलो. त्यांना मराठी न्हाई, मला जपानी न्हाई. चेंडू गेला की दोघंबी हसायचो." माझा पहिलाच चेंडू तळ्यात गेला. "असूंद्या, मैदान नवं हाय तुमाला," ते म्हणाले. चौथा गेला तेव्हा मात्र ते दुसरीकडे बघत होते. भला माणूस!

साडेदहाला नऊ होल संपले. जेवण दीड वाजता, चिखलीला त्यांच्या घरी. मी गाडीचं दार उघडलं आणि आतून उकळत्या जॅमचा वास आला. मे महिन्याचं ऊन, बंद गाडी. बूच अंगठाभर वर आलेलं, टॉवेल लालभडक. जगाला वाइन कशी ठेवावी ते शिकवत हिंडणारा मी, आणि माझीच बाटली शिजली! स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. तानाजीरावांना "जरा आवरून येतो" म्हणालो आणि निघालो.

चाकणच्या पहिल्या दुकानात विचारलं तर दुकानदारानं स्टुलावर चढून सगळ्यात वरच्या फळीवरची बाटली काढली. लेबल उन्हानं पिवळं पडलेलं. "ही कधीची?"

"मी दुकान घेतलं तेव्हापासून आहे राव. इथं शिफ्ट सुटली की क्वार्टर खपते. हिला कोण विचारतंय?"

आकुर्डीच्या दुकानात निदान एसी होता, पण बंद. तिथला माणूस प्रामाणिक होता. म्हणाला, "भाऊ, खरं सांगू? आमच्याकडची नाताळात केकसाठी नेतात."

साडेअकरा वाजले. तोंडचं पाणी पळालं होतं. माझा फवारणी पंपांचा छोटा कारखाना आहे आणि त्याचे साचे भोसरीचे गंगाधरराव बनवतात. भोसरीत सुट्टी गुरुवारी, त्यामुळे रविवारी ते हमखास सापडतात. निदान चहा तरी मिळेल म्हणून गेलो. लातूरकडचा हा माणूस गळ्यात माळ घालतो, सुपारीसुद्धा खात नाही. त्यांच्यापुढे वाइनचं रडगाणं गायला लाज वाटली, पण गायलो.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला मोजमापाच्या खोलीत नेलं. तिथे चपला बाहेर. स्लिप गेज (मोजमापाचे पोलादी ठोकळे) गरमीनं केसभरही फुगू नयेत म्हणून ती खोली रात्रंदिवस वीस डिग्रीवर असते. गेजच्या कपाटात खालच्या कप्प्यात चार बाटल्या ओळीनं आडव्या झोपल्या होत्या. प्रत्येकीच्या गळ्यात चिठ्ठी: आल्याची तारीख आणि 'हात लावू नये'.

"इटलीचं गिऱ्हाईक येतंय, दर खेपेला एक देतंय," गंगाधरराव म्हणाले. "मी पीत नाही, पण दिलेली वस्तू फेकावी कशी? थंड जागी आडवी ठेवा असं कागदावर होतं. ठेवली बघा."

मी लेबलं वाचली. पोटातून आनंद झाला, आणि खरं सांगतो, डोळ्यांत पाणीही आलं. आयुष्यभर वाइनवर बोललो, पण इतकी नीट कुणी ठेवलेली पाहिली नव्हती. त्यांनी हौसेनं दिलेली एक बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून, गाडीतल्या एसीच्या झोतापुढे ठेवून चिखली गाठली.

काळ्या रश्श्याचं मटण, भाकरी, इंद्रायणीचा भात. सायली आणि रोहनही आले होते. मी वाइन ओतली आणि जीभ दाताखाली धरून गप्प बसलो. तानाजीरावांनी एक घोट घेतला, विचार केला, मग ग्लासात बर्फाचे तीन खडे टाकले आणि वरून सोडा फेसाळला.

माझ्या घशातून आवाज निघालाच असावा. तानाजीरावांनी वर पाहिलं. "का वो पाव्हणं? चुकलं का काय आमचं?"

सायलीचा घास हातातच राहिला.

"छे हो," मी ग्लास पुढे केला. "मलापण टाका दोन खडे."

"सोडा?"

"सोडापण."

तानाजीराव मांडीवर थाप मारून हसले. "हिकडं या, माझ्याशेजारी बसा." मग पाच वाजेपर्यंत आम्ही बोलत बसलो. बोलले बहुतेक तेच, आणि पंचांग काढायला त्यांनीच सांगितलं. लग्न मार्गशीर्षात आहे.

मुक्काम सायलीकडे केला आणि दुसऱ्या दिवशी नाशिकला परतलो. आता तिकडे गोल्फला जाणारे मित्र विचारतात, चांगली वाइन कुठे मिळते? मी भोसरीचा पत्ता देतो. कशी प्यायची, असं कुणी विचारलं तर सांगतो, ते यजमानाला विचारा.