चढावरचा सिग्नल

आमचं सरबताचं दुकान रत्नागिरीत भर चढावर, आणि चढ संपतो तिथेच सिग्नल. लाल लागला की गाड्यांची रांग आमच्या दारात. त्या रांगेवरच आमचं पोट चालायचं. लोक स्कूटरवर बसल्या बसल्या कोकम सरबत प्यायचे, एखादी आंबापोळी घ्यायचे आणि हिरवा लागला की निघायचे.

पण चढावर थांबलेली गाडी मागे घरंगळू नये म्हणून ड्रायव्हर ती हाफ क्लचवर धरून ठेवतात. चिऱ्यांनी भरलेला डंपर तसा गुरगुरत उभा राहिला की काळा धूर थेट गल्ल्यावर. आणि गल्ल्यावर कोण, तर आमचे हे. आधीच दम्याचे. डॉक्टर म्हणाले, दुकानात बसणं बंद करा, नाहीतर रोज मला भेटायला या. घरी बसवलं, तर चार दिवसांत माणूस सुकला. गप्पांशिवाय ह्यांना अन्न जात नाही. पुन्हा येऊन बसले. मी भांडले, रडले, पण ऐकतायत कसले.

मग सिग्नलच्या खांबावर कॅमेरे आले. बसवणारा इंजिनियर सरबत पिता पिता म्हणाला, "काकी, थांबलेली गाडी पुन्हा चढ चढताना जास्त धूर सोडते. आता खालून किती गाड्या येतायत ते सिग्नलच बघेल. आडवा रस्ता रिकामा असला तर त्यांना थांबवणारच नाही."

मी म्हटलं, "मेला दिवा तो, त्याला काय कळतंय?"

कळलं हो त्याला. गाड्या सुळ्ळकन वर जायला लागल्या. धूर कमी झाला, तसं गिऱ्हाईकही आटलं. बरण्या भरलेल्या, ग्लास धुतलेले आणि मी रस्त्याकडे बघत बसलेली. ह्यांच्या छातीसाठी बरं वाटायचं, आणि त्याच वेळी रिकामा गल्ला बघून धंद्याची काळजी लागायची. दोन्ही खरं.

एका दुपारी माझं डोकं फिरलं. कमरेवर हात ठेवून सिग्नललाच म्हटलं, "मेल्या, एवढा शहाणा झालायस, तर जरा गिऱ्हाईक ओळखायलाही शीक."

हे हसायला लागले. मी सवयीने दम्याचा पंप शोधायला ड्रॉवर उघडला, कारण ह्यांचं हसू कितीतरी महिने खोकल्यातच संपायचं. पण खोकला आला नाही. हे पोट धरून हसले, आणि हसून झाल्यावरच थांबले.

"काय गो, रडतेस कशाला?" म्हणाले.

मी ड्रॉवर लावला आणि सिग्नलला आणखी दोन शिव्या घातल्या, मुद्दाम.