सेकंडरीला हात लावायचा नाही

मी हॉस्पिटलमधला फार्मासिस्ट. दिवसभर दुसऱ्यांनी लिहिलेल्या डोसमधल्या चुका शोधायच्या, हे माझं काम. अशा कामात काही वर्षं काढली की चुका या नेहमी दुसऱ्यांच्याच असतात असं वाटायला लागतं. मी सायडर, म्हणजे सफरचंदाची दारू, करायला घेतली ती याच भ्रमात.

इथे न्यूझीलंडमध्ये, टाकानिनीत, आमच्या शेजारी एक माओरी, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांपैकी, गृहस्थ राहतात. त्यांच्या आईचं घर जवळच मनुरेवा इथे आहे आणि घरामागे सफरचंदाचं जुनं झाड. त्या वर्षी झाड फळांनी नुसतं लगडलं होतं. एका सकाळी ते फळांची पोती आमच्या गॅरेजच्या दारात टाकून म्हणाले, "किया ओरा, ब्रो. हीप्स आहेत, हीप्स!" किया ओरा म्हणजे त्यांचा नमस्कार, हीप्स म्हणजे ढीगभर. बायकोनं मुरांबा केला, जॅम केला, शेजारीपाजारी डबे वाटले. तरी पोती संपेनात. शेवटी ती म्हणाली, "आता यांचं काय ते तू बघ." मी बघितलं, म्हणजे मोबाइलवर व्हिडिओ बघितले, आणि ब्रूइंगच्या दुकानातून झाकणाची बादली, यीस्ट आणि एक भलीमोठी काचेची बरणी घेऊन आलो.

नेमके त्याच आठवड्यात बाबा पुण्याहून राहायला आले. आई गेल्यानंतरची त्यांची ही पहिलीच फेरी. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. आमच्या घरात दारूचा थेंब कधी आला नव्हता. लग्नाच्या वरातीत कोणी झिंगलेला दिसला तर आई आम्हाला तोंड फिरवायला लावायची. त्यामुळे मी रस पिळत असताना बाबा गॅरेजमध्ये आले तेव्हा माझी अवस्था शाळेच्या मागे विडी ओढताना सापडलेल्या पोरासारखी झाली.

"काय चाललंय?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. अ‍ॅपल सायडर."

बाबांचा चेहरा उजळला. "अरे वा! मी रोज सकाळी एक चमचा पाण्यातून घेतो. शुगरला फार चांगलं."

आपल्याकडे अ‍ॅपल सायडर म्हटलं की पुढचं 'व्हिनेगर' ऐकणारा स्वतःच जोडून घेतो. ही दारू आहे, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. वॉर्डातल्या सर्जनला "हा डोस मी देणार नाही" असं तोंडावर सांगणारा मी, बाबांना म्हणालो, "हो, चांगलं असतं ते."

पहिलं आंबणं जोरात झालं. बादलीवर फेस आला, गॅरेजभर वास सुटला. मुलीला मराठी सगळं कळतं, पण ती उत्तर इंग्रजीत देते. ती नाक धरून म्हणाली, "डॅड, इट स्मेल्स लाइक फीट." फेस बसल्यावर मी सायडर नळीनं हळूच काचेच्या बरणीत काढली, तळाचा गाळ बादलीतच राहू दिला, बरणी गळ्यापर्यंत भरली आणि बुचात एअरलॉक बसवला. एअरलॉक म्हणजे थोडं पाणी भरलेली वाकडी नळी. आतला वायू तिच्यातून बुडबुडत बाहेर जातो, बाहेरची हवा मात्र आत शिरत नाही. बरणी मी गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात ठेवली, उजेड लागू नये म्हणून वरून जुनी चादर टाकली आणि घरच्यांना गोळा करून भाषण दिलं.

"हे सेकंडरी फर्मेंटेशन. पहिल्यांदा नुसती दारू... म्हणजे नुसता रस आंबतो. खरी चव येते ती या दुसऱ्या टप्प्यात. इथे एकच गुण लागतो, संयम. सेकंडरीला हात लावायचा नाही. मीसुद्धा लावणार नाही."

बायको म्हणाली, "तू जेवढं या बरणीशी बोलतोस ना, तेवढं माझ्याशी बोलत जा." बाबा मात्र मन लावून ऐकत होते.

मग मला हॅमिल्टनला जावं लागलं. तिथल्या फार्मसीत माणसं कमी होती. आठवडाभर तिकडे राहायचं आणि सुट्टीला गाडी मारून घरी यायचं, असं बरेच दिवस चाललं. घरी आलो की कपाटासमोर उभा राहायचो, चादरीकडे बघायचो आणि स्वतःच्या संयमावर खूश होऊन परत फिरायचो. तिकडे हॅमिल्टनमध्ये डबा खाताना सहकाऱ्यांना सेकंडरी समजावून सांगायचो. ते बिचारे माना डोलवायचे.

काम संपायच्या सुमारास मी शेजाऱ्यांना आणि जवळपास राहणाऱ्या दोन मराठी डॉक्टर जोडप्यांना चव घ्यायला बोलावलं. बाटल्या आदल्या दिवशी भरायच्या असं ठरवलं होतं, पण त्या शुक्रवारी उशिरापर्यंत अडकलो आणि शनिवारी दुपारी कसाबसा घरी पोचलो. गॅरेजमध्ये गेलो तर टेबलावर स्वच्छ धुतलेल्या बाटल्या ओळीनं उभ्या, सगळ्या भरलेल्या, बुचं लावलेल्या.

"तुझी धावपळ नको म्हणून मीच गाळून भरून ठेवल्या," बाबा म्हणाले.

एव्हाना ही दारू आहे हे त्यांना कळलंच असणार, असं मी धरून चाललो. आयुष्यभर दारूला न शिवलेल्या माझ्या वडिलांनी माझ्या छंदापुढे हार मानली होती, तीही एक शब्द न बोलता. हात का लावला, हे विचारायचंसुद्धा सुचलं नाही. तेवढ्यात दारात पाहुणे आले आणि चव बघायची राहूनच गेली.

मी ग्लास मांडले, बाटली उघडली आणि ओतता ओतता भाषण सुरू केलं. वास जरा झोंबरा होता. "तरुण सायडर अशीच असते, नाकात जाते," मी सांगितलं. फेस अजिबात नव्हता. "ही फ्रेंच पद्धत. स्टिल सायडर." फ्रेंच पद्धतीबद्दल मला काहीही माहीत नव्हतं.

सगळ्यांनी एकदम घोट घेतला. एका डॉक्टरांचे डोळे मिटले ते उघडेनात. त्यांच्या पत्नीनं पर्समधून रुमाल काढला. शेजारी बराच वेळ ग्लासात बघत राहिले आणि म्हणाले, "इंटरेस्टिंग." न्यूझीलंडमध्ये याहून वाईट शिवी नाही. मी घोट घेतला आणि दातांची मुळं झिणझिणली. तरीही म्हणालो, "ड्राय आहे जरा."

मग बाबा पुढे आले. त्यांनी चमचाभर सायडर पाण्यात मिसळली, सगळ्यांसमोर पिऊन टाकली आणि समाधानानं म्हणाले, "उत्तम जमलंय. आधी होतच नव्हतं बरं का. याने ती नळी लावून हवाच बंद केली होती. हवा कोंडली तर व्हिनेगर व्हायचं कसं? मग मी निम्मं उघड्या पातेल्यात काढलं, दोन्हीकडे पातळ फडकं बांधलं आणि दुकानातल्या व्हिनेगरच्या बाटलीतलं थोडं घालून विरजण लावलं."

"विरजण?" मी विचारलं.

"मग! विरजणाशिवाय कधी काही लागतं का?"

सगळ्यात आधी बायको हसली. ती अशी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं. शेजाऱ्यांना मुलीनं सगळं इंग्रजीत सांगितलं, माझ्या भाषणाची नक्कल करून. ते उठले, बाबांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "मातुआ, मला याच्या दोन बाटल्या हव्यात. फिश अँड चिप्सवर शिंपडायला हे सोनं आहे." मोठ्या माणसाला ते लोक आदरानं मातुआ म्हणतात. संध्याकाळी सगळेच चिप्स आणायला गेले. मी माझ्या गॅरेजमध्ये, माझ्या ग्लासांसकट, एकटा उरलो.

पाहुणे गेल्यावर बाबा माझ्याजवळ येऊन बसले. "मला एक सांग, तुला नक्की काय करायचं होतं?"

आता लपवण्यासारखं उरलं काय होतं? "दारू, बाबा. सफरचंदाची."

मी खाली बघत होतो. बाबा म्हणाले, "अरे, मग तसं सांगायचं ना. धरणाच्या कामावर होतो तेव्हा आम्ही मोहाची प्यायचो. तुझ्या आईला वास आला की ती दोन दिवस बोलायची नाही. तू जन्मलास आणि सोडली."

एवढ्या वर्षांत मी हे कधी ऐकलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं म्हणा. माझ्या मनात बाबा म्हणजे एक छापील सूचनापत्रक होतं. ते मी लहानपणी एकदा वाचलं आणि घडी घालून ठेवून दिलं.

बाबा परत जाण्याआधी आम्ही दोघांनी मिळून पुन्हा सायडर केली, या वेळी दुकानातल्या रसाची. एअरलॉकमधला बुडबुडा ऐकायला ते कपाटाजवळ खुर्ची टाकून बसायचे. फेस यावा म्हणून बाटल्यांत थोडी साखर घालतात, ती मी जरा जास्त घातली. त्यामुळे पहिली बाटली उघडली तेव्हा निम्मी छतावर गेली. उरलेली बाबांनी चाखली, जीभ टाळूला लावून विचार केला आणि म्हणाले, "मोहाची सर नाही. पण ओत अजून. सूनबाईला नको सांगू."

सूनबाई मागेच उभी होती. तिनं आपला ग्लास पुढे केला.